वाईत वर्षभर राहायचे आहे: घाटालगतच्या आळीत घर घ्यावे की गावाबाहेरच्या वसाहतीत?

माहेरओढ

सर्वांना नमस्कार. माझ्या सासूबाईंचे माहेर वाईचे, गंगापुरीतले. १९६९ मध्ये लग्न होऊन त्या मुंबईला गेल्या, पुढे भावांनी माहेरचे घर विकले, आणि त्यानंतर दोन-चार लग्नकार्ये व महाबळेश्वरला जाता-येता घेतलेले गणपतीचे दर्शन एवढाच काय तो वाईशी संबंध उरला. पंचाहत्तरी ओलांडल्यापासून मात्र त्यांनी एकच ध्यास घेतला आहे: एक पूर्ण वर्ष, सगळे ऋतू पाहत, वाईत राहायचे. माजघरात निजल्यावर रात्री नदीचा आवाज यायचा आणि पिण्याचे पाणी घाटावरून कळशीने आणले जायचे, हे त्या इतक्या वेळा सांगतात की आता तो आवाज मलाही ऐकू येऊ लागला आहे.

यजमान गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि माझे हिशेबाचे काम घरून चालते, त्यामुळे कोथरूडचे घर बंद करून अकरा महिन्यांच्या करारावर वाईत राहणे आम्हांला शक्य आहे. दोन जागा पाहिल्या. एक, घाटापासून जेमतेम चाळीस पावलांवर असलेल्या जुन्या वाड्याचा वरचा मजला. दुसरी, बावधन नाक्याच्या बाजूला नव्या इमारतीतील दोन खोल्यांची सदनिका, जिथून नदी दिसत नाही पण उद्वाहक आहे. सासूबाईंचे मन अर्थातच पहिल्या जागेत अडकले आहे. पावसाळ्यातील ओल, पुराचे पाणी, इंटरनेट, दवाखाना आणि आळीतील शेजार यांबद्दल तिथे प्रत्यक्ष राहिलेल्यांनी लिहावे, अशी विनंती आहे. याखेरीज फेब्रुवारीत नणंद कॅनडाहून चार दिवसांसाठी येणार आहे. तिला काय दाखवावे, की नुसते घाटावर बसू द्यावे, हेही सुचवावे.

गणपतीआळीकर

ताई, माझा जन्म गणपती आळीतला आणि दिल्या घरीही मी नदीच्या काठावरच आले, तेव्हा माझे मत थोडे एकतर्फी आहे हे आधीच सांगून टाकते.

जागा पाहायला गेलात तेव्हा घरमालकाला पहिला प्रश्न भाड्याचा विचारला असेल. पुढच्या खेपेस पहिला प्रश्न असा विचारा, की मोठ्या पुराच्या वर्षी पाणी कुठपर्यंत आले होते. आळीतले जुने माणूस याचे उत्तर फुटात किंवा मीटरमध्ये देत नाही, ते तुम्हांला उंबरठा किंवा एखादी पायरी दाखवते. माझे वडील पावसाळ्यात सकाळी दूध घेऊन येताना घाटाकडे एक नजर टाकत आणि घरात शिरता शिरता ‘अजून सात उघड्या आहेत’ असे सांगत. सात म्हणजे पाण्याबाहेर असलेल्या पायऱ्या. तो आकडा तीनवर आला की आई खालच्या फडताळातले डबे वर माळ्यावर चढवायला घेई. आता वरच्या अंगाला धोम धरण असल्याने मोबाइलवर विसर्गाचे क्युसेकमधील आकडे येतात, तरी आमच्या आळीत आजही पायऱ्याच मोजल्या जातात, कारण क्युसेक म्हणजे नेमके किती पाणी हे पायरीवरूनच कळते.

ढोल्या गणपतीचे देऊळ तुम्ही अनेकदा पाहिले असेल, पण या वेळी दर्शन झाल्यावर त्याच्या मागच्या बाजूला जाऊन उभ्या राहा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधले तेव्हा ते घाटावरच, म्हणजे सरळ पुराच्या वाटेत बसणार हे त्यांना ठाऊक होते. म्हणून पाठीमागची भिंत सपाट न ठेवता माशाच्या आकाराची, पुढे निमुळती होत गेलेली बांधली आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जातो. मी लहानपणी वरून उभी राहून हे पाहिलेले आहे: तांबडे पाणी त्या दगडी नाकावर येऊन फुटते, दोन फाके होतात आणि पुढे पुन्हा एक होतात. दर्शनाला आलेल्यांपैकी फारच थोडे लोक ही भिंत पाहतात, कारण गाडी पार्किंगमध्ये तापत असते आणि पाचगणीला जेवणाची वेळ झालेली असते.

आता सासूबाईंच्या आठवणीबद्दल, आणि हे जरा जपून लिहिते. त्या १९६९ मध्ये गाव सोडून गेल्या, आणि धोमचे धरण त्यानंतर, सत्तरच्या दशकात झाले. त्यांनी ऐकलेली नदी धरणाआधीची होती. साडेतेरा टीएमसीच्या त्या जलाशयामुळे खालच्या शेतांना कालव्याचे पाणी मिळाले आणि तालुक्याचे रूप पालटले, याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण घाटासमोरचे पाणी आता ऋतूवर चालत नाही, ते आवर्तनावर, म्हणजे धरणातून पाळीपाळीने सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर चालते. नदीत पाणी सोडले असेल तर भर उन्हाळ्यातही कृष्णा खळखळते. सोडले नसेल तर एप्रिल-मे महिन्यांत डोहाडोहांतून पाणी साचून राहते, त्यात गावाचे सांडपाणी मिसळते, शेवाळ आणि जलपर्णी धरते, आणि संध्याकाळी वारा पडला की वास घरात येतो. घाट स्वच्छ करण्यासाठी गावातले लोक स्वतःहून फावडी-घमेली घेऊन उतरतात, त्याने फरक पडतो, पण नाल्याचे तोंड नदीत आहे तोवर तो फरक पुढच्या आठवड्यापर्यंतच टिकतो. कळशीने पिण्याचे पाणी आणण्याची गोष्ट तर विसरलेलीच बरी. हे सासूबाईंना तिथे जाऊन समजण्यापेक्षा आधी सांगितलेले चांगले, असे मला वाटते.

मग आळीत राहावेच कशाला? तर कृष्णाबाईच्या उत्सवासाठी. वाईला घाट सात आहेत आणि ते ज्या त्या आळीच्या नावाने ओळखले जातात: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. हिवाळा सरता सरता उत्सवाला सुरुवात होते आणि चैत्रापर्यंत एकामागून एक प्रत्येक घाटाचा उत्सव होतो. अफझलखान वाईला तळ देऊन होता तेव्हा शिवाजी महाराजांना यश यावे म्हणून नदीला बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी गावाची श्रद्धा आहे. नदीलाच बाई म्हणून मांडवात बसवायचे, साडी नेसवायची, तिची ओटी भरायची, तिच्यापुढे कीर्तन करायचे आणि सगळ्या आळीने एका पंगतीला जेवायचे. पाहुणा म्हणून आलात तर प्रसाद मिळेल. आळीत राहत असाल तर आदल्या रात्री भाजी चिरायला बोलावणे येईल. या दोहोंतला फरक तुमच्या सासूबाई तुम्हांला माझ्यापेक्षा चांगला समजावून सांगतील.

भाडेकरू_एकेकाळचा

वरचा प्रतिसाद वाचून मन भरून आले, तरीही धागाकर्त्यांनी वाड्याचा वरचा मजला घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मी स्वतः चौदा महिने अशाच एका वाड्यात भाड्याने राहिलो आणि त्यानंतर वसाहतीत राहायला गेलो.

पहिला मुद्दा जिन्याचा. वाड्यांचे जिने भिंतीच्या पोटातून काढलेले, अंधारे आणि एकेक पायरी फूटभर उंचीची असतात; एका हाताने दोर धरून चढावे लागते आणि शेवटच्या पायरीला हमखास डोके चौकटीला लागते. शहात्तर वर्षांच्या माणसाने दिवसातून दोनदा तो जिना चढ-उतार करायचा, आणि शौचालय खाली परसात असेल तर चारदा, याचा विचार करावा. दुसरा मुद्दा ओलीचा. महाबळेश्वरच्या मानाने वाईचा पाऊस काहीच नाही, डोंगर उतरून खाली येईपर्यंत तो कितीतरी कमी होतो, हे खरे आहे. पण पांढऱ्या मातीच्या जाड भिंती जुलैत जी ओल धरतात ती दिवाळीपर्यंत सोडत नाहीत. माझ्या पुस्तकांच्या कपाटाच्या मागच्या फळीवर ऑगस्टमध्ये हिरवी लव उगवली होती. त्यात वानरांची टोळी आठवड्यातून एकदा कौलांवरून धावत जाई आणि दर वेळी दोन-तीन कौले सरकवून जाई, आणि कौले नीट शाकारणारा माणूस गावात आता शोधून सापडावा लागतो.

तिसरा मुद्दा कागदपत्रांचा, आणि माझी खरी जखम तीच आहे. मी ज्यांच्याशी करार केला ते गृहस्थ सज्जन होते, पण मालमत्ता पत्रकावर त्यांच्यासह अकरा नावे होती. सातव्या महिन्यात ठाण्याचे एक चुलतभाऊ आले, ओसरीवर बसून चहा प्याले आणि निघताना अतिशय गोड शब्दांत म्हणाले की निम्मे भाडे यापुढे त्यांच्या खात्यात भरावे. त्यानंतरच्या महिन्यात एक आत्याबाई आल्या. मी कोणालाच दोष देत नाही. रीतसर वाटणी न झालेल्या घरात प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरेच असते. परंतु करार करण्यापूर्वी सिटी सर्व्हेचा उतारा स्वतः काढून पाहावा, इतर सहधारकांची लेखी संमती मागावी आणि करार नोंदवूनच घ्यावा. ‘इथे सगळे ओळखीचे आहेत, कागद कशाला’ असे कोणी म्हटले, तर तिथून नमस्कार करून निघावे.

दवाखान्याचे म्हणाल तर रोजच्या दुखण्यांसाठी गावात डॉक्टर भरपूर आहेत आणि ग्रामीण रुग्णालयही आहे. हृदयविकार किंवा मोठी शस्त्रक्रिया असल्यास मात्र सुमारे पस्तीस किलोमीटरवर सातारा, नाही तर सुमारे नव्वद किलोमीटरवर पुणे गाठावे लागते. म्हणूनच अरुंद बोळाच्या टोकाला असलेले घर घेताना रुग्णवाहिका दारापर्यंत येते का, हे पाहून घ्यावे. आमच्या बोळात ती येत नव्हती. इंटरनेटची तार वसाहतींतून सर्वत्र आहे, आळ्यांतही आहे. पण वाड्याच्या जाड भिंतीतून वायफायचा संकेत शेजारच्या खोलीतही पोचत नाही, त्यामुळे यंत्र ज्या खोलीत तीच तुमची कचेरी, हे गृहीत धरावे.

हे सगळे लिहूनही एक गोष्ट कबूल करतो. वसाहतीत आल्यावर पाठ दुखायची थांबली, पण पहाटे साडेचारला कोणाच्या तरी घरी चाललेला काकडा आणि नदीवर धुणे आपटल्याचा आवाज, जो मला पहिले दोन महिने नकोसा झाला होता, त्यावाचून पुढे कित्येक दिवस चुकल्यासारखे वाटत राहिले.

सुरूरफाटा

एक व्यावहारिक सूचना. पाहुण्यांना शनिवार-रविवारी वाईत आणू नका. पुणे-बंगळुरू महामार्ग सोडून सुरूरला वळले की पाचगणी-महाबळेश्वरची सगळी वाहने वाईतूनच पुढे जातात. लागून सुट्ट्या आल्या की पसरणी घाटात लागलेली रांग खाली गावापर्यंत येते आणि पुलावरून पलीकडे भाजी आणायला जायचे तरी अर्धा तास मोडतो. पौष पौर्णिमेला मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते, त्या दिवसांत तर गावाबाहेर पडूच नये. पुण्याहून एस.टी.ने येणार असाल तर स्वारगेटहून वाईची थेट गाडी मिळते आणि महाबळेश्वरच्या गाडीनेही वाईला उतरता येते. रेल्वेचा उपयोग नाही. जवळचे स्थानक वाठार, आणि तिथून पुन्हा रस्त्याने तासभर.

बाकी मला स्वतःला विचाराल तर वाई पाहायला एक दिवस पुरतो आणि राहायला सातारा बरा.

जुना_शिक्षक

सुरूरफाटा यांच्या पहिल्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे आणि शेवटच्या वाक्याशी मुळीच नाही. एका दिवसात घाट पाहून होतात. पण हे गाव घाटांवर जितके वसले आहे तितकेच ग्रंथांवर वसले आहे, आणि ग्रंथ एका दिवसात पाहून होत नाहीत.

धागाकर्त्यांच्या सासूबाईंचे माहेर गंगापुरीतले आहे म्हणून हे मुद्दाम विस्ताराने लिहितो. गंगापुरीतील प्राज्ञपाठशाळा नारायणशास्त्री मराठे यांनी, म्हणजे पुढे संन्यास घेऊन जे केवलानंद सरस्वती झाले त्यांनी, उभी केली. साबरमतीच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा १९१७ च्या सुमारास ब्रह्मसूत्रे आणि शांकरभाष्य शिकण्यासाठी इथेच येऊन राहिले होते. याच पाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. जुन्या पद्धतीने शास्त्रे शिकलेला हा पंडित अस्पृश्यतेला शास्त्राधार नाही हे सांगायला गांधीजींच्या बाजूने उभा राहिला आणि १९३३ मध्ये गांधीजींच्या मुलाच्या, देवदासच्या, आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्यही त्यानेच केले. पुढे मराठी विश्वकोशाचे काम राज्याने हाती घेतले तेव्हा प्रमुख संपादक तर्कतीर्थ होते, आणि म्हणून ते काम मुंबई-पुण्यात न होता वाईत झाले. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३६ हजार वस्ती भरलेल्या या गावात भौतिकशास्त्रापासून संगीतापर्यंतच्या नोंदी तपासल्या जात होत्या. मी शाळेत नोकरीला लागलो तेव्हा विश्वकोशातील एक संपादक संध्याकाळी घाटावर भेटत आणि दिवसभरात अडलेला शब्द आम्हांला विचारत. एखाद्या इंग्रजी संज्ञेला मराठीत काय म्हणावे यावर पायरीवर बसून तासभर वाद चाले, आणि शेजारी कपडे धूत असलेली एखादी बाई मध्येच असा शब्द टाकून जाई की सगळे गप्प होत.

आजही मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. लोकमान्य टिळकांच्या नावाचे जुने ग्रंथालय आहे. वर्षभर राहणार असाल तर पहिल्याच आठवड्यात त्याचे वर्गणीदार व्हा, कारण शेजारी जोडण्यासाठी आळीतल्या ओट्यानंतर तीच जागा आहे.

आता नणंदबाईंचे चार दिवस. पहिला दिवस गावासाठी ठेवावा, पण घाटाने चालत जावे, रस्त्याने नव्हे. गणपतीजवळच आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये बांधलेले काशीविश्वेश्वराचे देऊळ आहे. तिथल्या नंदीच्या गळ्यातील घंटांची माळ आणि पाठीवरची झूल इतक्या निगुतीने कोरली आहे की हात लावून पाहिल्यावाचून दगडाची खात्री पटत नाही. हे रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांचे माहेर. वाईच्या लेकीमुळे वाईला पेशव्यांच्या घरचा हात लागला आणि बहुतेक घाट-देवळे अठराव्या शतकात उभी राहिली, ही गोष्ट सासूबाई अभिमानाने सांगतीलच.

दुसऱ्या दिवशी मेणवली. अंतर तीन-चार किलोमीटर आहे. सकाळी लवकर निघावे. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागचा घाट आणि घाटावरची दोन देवळे असा हा एकत्र बांधलेला संच आहे. घाटावरच्या एका लहानशा देवळीत टांगलेली मोठी घंटा अवश्य पाहावी. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांच्या चर्चमधील ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांपैकी ही एक आहे. जवळ जाऊन नीट पाहिल्यास तिच्या अंगावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती ओतलेली दिसते, आणि ती आज महादेवाच्या शेजारी निवांत लटकत आहे. वाडा खाजगी मालकीचा आहे, तेव्हा आत जाता येईल की नाही हे तिथे विचारूनच ठरवावे आणि भिंतींवरच्या चित्रांना कृपया हात लावू नये. पाहुण्यांना हा घाट ओळखीचा वाटला तर नवल नाही. हिंदी चित्रपटांत इथले घाट अनेकदा उत्तरेतील एखादे गाव म्हणून दाखवले गेले आहेत, आणि चित्रीकरण असेल त्या दिवशी आमच्याच घाटावर आम्हांला पाऊल टाकता येत नाही, ही आमची जुनी कुरकुर आहे.

तिसऱ्या दिवशी धोम. धरणाच्या पाण्यापेक्षा गावातले महादेवाचे देऊळ पाहण्यासाठी जावे. तिथे नंदी बसवला आहे तो कासवाच्या पाठीवर, आणि ते कासव आहे कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात. कुंडात पाणी भरले की कासव पोहत असल्यासारखे दिसते. चौथा दिवस रिकामा ठेवावा. पाहुणे फेब्रुवारीऐवजी मार्चमध्ये येऊ शकत असतील तर रंगपंचमीचे बावधनचे बगाड पाहायला मिळेल. नदीकाठापासून गावापर्यंत बैलांच्या जोड्या लावून ओढत आणलेला तो अजस्र लाकडी गाडा आणि त्यावर उंच टांगलेला बगाड्या, म्हणजे नवसाचा मानकरी, हे दृश्य छायाचित्रात मावत नाही. मात्र गर्दी प्रचंड असते, तेव्हा सासूबाईंना घरीच ठेवावे.

माहेरओढ

सर्वांचे मनापासून आभार. हे सगळे प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. धरणाचा परिच्छेद वाचताना मी मध्येच थांबले, तर त्या म्हणाल्या, ‘वाच पुढे, मला ठाऊक आहे ते.’ नंतर बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग एकदम विचारले की मास्तरांनी लिहिलेली ती मध्येच शब्द टाकणारी बाई कोणत्या आळीची होती.

गेल्या मंगळवारी आम्ही तिघे पुन्हा जाऊन आलो. वाड्याचा जिना त्यांनी स्वतः चढून पाहिला, सहाव्या पायरीवर बसल्या आणि तिथूनच ‘नको’ म्हणाल्या. उताराही काढला, त्यावर नऊ नावे निघाली. तेव्हा जूनपासून बावधन नाक्याची सदनिका घ्यायचे ठरले आहे. परंतु घाटावर बसल्या असताना त्यांच्या शाळेतील एका मैत्रिणीची सून भेटली. त्यांच्या घरी तळमजल्यावर ओटा आणि त्यामागची एक खोली रिकामी आहे, शौचालय आतच आहे, आणि उत्सवाच्या दोन-अडीच महिन्यांसाठी ती खोली वापरा असे त्यांनी आपण होऊन सांगितले. भाडे घेणार नाही म्हणतात, ते काही आम्हांला पटत नाही. त्यावर बोलणी चालू आहेत. पूर साधारण कुठवर येतो असे विचारल्यावर त्यांनी खरोखरच उंबरठ्याकडे बोट दाखवले आणि त्याखालची तिसरी पायरी सांगितली.

गणपतीआळीकर ताई, एक शंका आहे. आम्ही त्या खोलीत पाहुण्यासारखेच राहणार, तेव्हा उत्सवाच्या कामाला हात लावलेला आळीला चालेल का, की कोणी बोलावण्याची वाट पाहावी? आणि वर्गणी कोणाकडे द्यायची?

गणपतीआळीकर

वाट पाहू नका. वर्गणी मागायला मुले दारावर येतील, त्यांच्याकडे द्या आणि पावती घ्या. पावतीवर सासूबाईंचे माहेरचे आडनाव घातलेत तर आणखी चार घरची माणसे चौकशीला येतील. पंगतीच्या आदल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आपली विळी घेऊन मांडवात जा. विळी ज्याची त्याने आणायची असते, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. भाडे घेत नसतील तर त्यांच्या घरची पंगतीची जबाबदारी काय आहे ते विचारा आणि तेवढा शिधा तुमच्याकडून द्या, तो नाकारला जात नाही.

सासूबाईंसाठी एक जाड सतरंजी नक्की आणा. कीर्तन रात्री साडेअकरा-बारापर्यंत चालते आणि नदीकाठचा दगड त्या दिवसांत फार गार पडतो.